झाकून ठेवलेली गाडी

एकदा एका बंदराच्या गावी एक काजूचा व्यापारी राहत होता. माणूस सज्जन, व्यवहारात चोख, पण मुलाच्या बाबतीत फार हळवा. एकुलता एक तन्मय जहाजावर नोकरीला गेला, तेव्हा त्याने शेडमध्ये जशी लावली होती तशीच त्याची गाडी ठेवायची, असे व्यापाऱ्याने ठरवून टाकले. काचा घट्ट बंद केल्या, वर जाड प्लॅस्टिक चढवले, दोऱ्या आवळल्या. मागच्या सीटवर तन्मयने पोहून आल्यावर टाकलेला ओला टॉवेल होता, पुढे अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा. "त्याच्या वस्तूंना कुणी हात लावायचा नाही," असे बायकोला बजावून तो मोकळा झाला.

पुढे रोज दुकानाला निघताना तो त्या प्लॅस्टिकवरून हात फिरवी. आत आपला मुलगा जसाच्या तसा राहिला आहे, असे त्याला वाटे. यावर हसू नये. वाट पाहणाऱ्या बापापुढे शहाण्यांचीही मात्रा चालत नाही.

दोन पावसाळे गेले. मग एके दिवशी तन्मयचा फोन आला, "बाबा, पंधरा दिवसांत घरी येतोय." व्यापाऱ्याला आभाळ ठेंगणे झाले. त्याने दोऱ्या सोडल्या, दार उघडले आणि कुबट वासाचा असा भपकारा आला की तो दोन पावले मागे सरला. स्टिअरिंगवर पांढुरकी लव उगवली होती. सीटच्या पट्ट्यांवर हिरवे ठिपके होते, टॉवेल काळा पडला होता. तो पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. मुलगा येईल आणि बापाने काय सांभाळले ते पाहील, ही शरम त्याला सोसवेना.

गावात गाड्यांच्या सीटा शिवणारे एक वृद्ध मेस्त्री होते. बॅटरी केव्हाच बसली होती, म्हणून गाडी ढकलतच त्यांच्या दारात न्यावी लागली.

"मेस्त्री, काहीही करा, पण तो यायच्या आत ही पहिल्यासारखी करून द्या," व्यापारी हात जोडून म्हणाला. "फक्त पुढची सीट हलवू नका. तो उंच आहे, अगदी मागे सरकवून बसायचा. ती त्याची जागा आहे."

मेस्त्रींनी मान डोलावली आणि काम शिष्यावर सोपवले. शिष्य कामाचा पक्का. त्याने सीट सरकते त्या लोखंडी पट्टीवर खडूने खूण केली, तोंडाला फडके बांधले आणि चारही दारे उघडून उन्हात कामाला लागला. टॉवेल, पुडा फेकून दिला. कोरड्या ब्रशने बुरशी झाडली, व्हॅक्यूमने ओढून घेतली, मग व्हिनेगर आणि पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कोपरा न् कोपरा पुसला. पायाखालचा गालिचा उचलला, तर त्याखालचा नमद्याचा जाड थर अजून ओलाच होता. तो बाहेर काढून दोन दिवस वाळवला. एसीची जाळी आणि बसलेली बॅटरीही बदलली.

चौथ्या दिवशी व्यापारी आला. गाडी लख्ख झाली होती. तो समाधानाने आत डोकावत असतानाच मेस्त्री पुढे झाले, सीटखाली हात घातला आणि खट्‌कन ती पुढे ओढली.

"अहो, हे काय केलंत!" व्यापारी ओरडला.

शिष्यही गोंधळला. "मेस्त्री, तीन दिवस मी ती खूण जिवापाड सांभाळली!"

"शेट, बसा आत," मेस्त्री शांतपणे म्हणाले. व्यापारी नाइलाजाने बसला. त्याचे पाय पेडलांवर बरोबर पोचले.

"तुम्ही मायेनं ही गाडी झाकलीत," मेस्त्री म्हणाले. "पण टॉवेल मुलाचा आहे हे तुम्हाला ठाऊक. बुरशीच्या लेखी तो नुसता ओला कपडा. ओल आणि कोंडलेली हवा, तिला आणखी काही लागत नाही. गाडी कोरडी राहते ती वापरानं. दार उघडतं, वारा शिरतो, ओल मुक्काम करत नाही. दोन-तीन दिवसांआड फेरी मारा. आत ओलं काही ठेवू नका. शेडमध्ये काचा बोटभर खाली असू द्या, झाकायचीच असेल तर सुती कापडानं झाका. मुलगा येईल तेव्हा सीट मागे ओढून घेईल, तेवढी ताकद त्याच्या हातात आहे. त्याची जागा राखता राखता तुम्ही स्वतःच बाहेर राहिलात. वाट बघायची तर आत बसून बघा."

व्यापाऱ्याने सीट पुन्हा मागे केली नाही.

तन्मय यायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता, आणखी चार महिने थांबावे लागणार होते. व्यापारी भरल्या ताटावरून उठला. संध्याकाळी तो शेडमध्ये गेला, काचा वर करू लागला आणि मध्येच थांबला.

"अगं, येतेस का?" त्याने बायकोला हाक मारली. "चक्कर मारू. गाडीला वारा लागायला हवा."

"गाडीला की तुम्हाला?" ती पदर खोचत म्हणाली आणि येऊन बसली.

दोघे किनाऱ्याच्या मोकळ्या मैदानापर्यंत आले. तिथे ती हळूच म्हणाली, "जाण्याआधी महिनाभर तन्मय मला इथं आणायचा. तुम्ही दुकानात गेलात की गाडी शिकवायचा. तिसऱ्या गिअरपर्यंत आले होते मी."

व्यापाऱ्याने गाडी थांबवली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करणार होते? तुम्ही हात तरी लावू दिलात का?"

दोन वर्षे तो आपल्या मुलाला प्लॅस्टिकखाली शोधत होता, आणि मुलगा स्वतःला ठेवून गेला होता तो इथे, शेजारी, तिच्यापाशी. त्याचे डोळे भरून आले. तो उतरला, वळसा घालून तिच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "सरक तिकडे. चालव."

ती सरकली. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती स्वतःशीच पुटपुटू लागली, "घाबरू नकोस आई, क्लच हळू सोड. हळू... आणखी हळू."

गाडी आचका देऊन बंद पडली. ती पुन्हा पहिल्यापासून पुटपुटू लागली आणि तो शेजारी बसून मन लावून ऐकत राहिला.