कान धरलेले सखोबा मास्तर

फार फार वर्षांपूर्वी, बोरदऱ्याच्या शाळेला भिंती होत्या आणि छप्पर अजून यायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे सखोबा मास्तर शिकवायचे. माणूस भारी कडक. पोरांची नखं तपासायचे, पण आधी स्वतःची दहाही बोटं पोरांपुढे धरायचे. कुणी चुकलं तर छडी नाही. कान धरून उभं राहायचं आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची. मग मास्तर म्हणायचे, "सोड कान, बस खाली." तेवढ्यावर चूक संपली. पुन्हा तिचं नाव निघायचं नाही.

एका उन्हाळ्यात पंचक्रोशीत जुलाबाची साथ आली. बाजाराच्या दिवशी तालुक्याचे डॉक्टर पारावर चढून ओरडून सांगू लागले, "लेकरांचं पाणी तोडू नका! उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून घोटघोट पाजा, नाहीतर लेकरू सुकून हातचं जाईल."

मास्तर गर्दीत उभे राहून ऐकत होते. जुलाब झाले की पाणी बंद, असं त्यांनीच वीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं होतं.

पाटील म्हणाले, "अवो मास्तर, समदेच तसं सांगत व्हते. तुमाला कोन इचारतंय?"

"समद्यांचं पोरांनी ऐकलं नसंल, पाटील," मास्तर म्हणाले. "माझं ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते जुना हजेरीपट काखोटीला मारून निघाले. शिकून गेलेली पोरंपोरी सतरा गावांत पांगलेली. ती सतराही गावं मास्तरांनी एका दिवसात पायी केली, असं म्हणतात. आणि प्रत्येक गावची म्हातारी माणसं शपथेवर सांगतात, मास्तर आमच्याकडे आले तेव्हा ऊन बरोब्बर डोक्यावर होतं. मास्तरांनी बस म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही, हे सूर्यालाही ठाऊक असावं.

दरेक दारात ते कान धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी चुकीचं शिकवलं. पाणी पाजा, उकळून गार केलेलं, मीठ-साखर घालून."

शेवटचं घर यमुनेचं. वर्गातली सगळ्यांत गुणी पोर. मास्तरांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता, आणि आज मास्तरांना भीती होती ती त्याचीच. तिचा दोन वर्षांचा लेक मांडीवर निपचित पडला होता, ओठ कोरडे पडलेले. सासू पाण्याची वाटी पुढे करत होती आणि यमुना ती हाताने अडवत होती.

"न्हाई आत्याबाई, मास्तरांनी शिकवलंय!"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "येमे, मास्तर चुकले गं."

यमुनेने वर पाहिलं. मास्तर कान धरून उभे होते, पाय सोलवटलेले, डोळ्यांत पाणी. तिने वाटी घेतली. मास्तरांनी सांगितलं तसं मीठ-साखरेचं पाणी करून घोटघोट पाजत राहिली. कितीतरी वेळाने लेकाने डोळे उघडले आणि आईचा पदर ओढला. मास्तर अजून तसेच दारात.

यमुना रडता रडता हसली. "सोडा कान, मास्तर. बसा खाली."

मास्तर बसले आणि तेव्हा कुठे ऊन कललं, असं म्हणतात.

आता बोरदऱ्याच्या शाळेला छप्पर आहे. दसऱ्याचं पाटीपूजन झालं की तिथले गुरुजी आणि बाई मुलांपुढे कान धरून उभे राहतात, आणि वर्षभरात काय चुकीचं शिकवलं ते सांगतात. मग पहिलीतलं सगळ्यांत लहान मूल म्हणतं, "सोडा कान, बसा खाली."

एका नव्या गुरुजींनी एकदा छाती फुगवून सांगितलं होतं, माझं काहीच चुकलेलं नाही. पहिलीतलं मूल काही "सोडा कान" म्हणेना. त्या बिचाऱ्या गुरुजींना आपली चूक आठवेपर्यंत त्या दिवशी बोरदऱ्यात ऊन कललं नाही, असं म्हणतात.