रायनाकाचं ढेकूळ

शुद्धलेखनात चुका असतील आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्यावं. बोरटेकात ही गोष्ट अशीच सांगतात.

फार वर्षांपूर्वी, बादशाही होती तेव्हा, सगळा मुलूख सुभ्यांत वाटलेला होता. बोरटेक नेमकं खानदेश आणि वऱ्हाड या दोन सुभ्यांच्या शिवेवर. गावाला कुरण एकच. गवत कापणीला आलं आणि दोन्ही सुभ्यांचे सरकारी अमीन एकाच दिवशी दाखल झाले. दोघांकडे शिक्क्याचा कागद, दोघांच्या मागे अकरा-अकरा हत्ती. "कुरण आमच्या सुभ्यातलं, हत्ती इथंच चरणार," असं दोघंही म्हणत.

शीव ठाऊक होती फक्त गावची वेस राखणाऱ्या वेसकराला, रायनाकाला. त्याची गाय नुकतीच व्यालेली. त्याची बायको बयजा म्हणाली, "कारभारी, कुरण कुणाचंही ठरलं तरी हत्तीच खाणार. आपली गाय काय कागद चघळेल?"

तेव्हाची रीत अशी होती. शीव दाखवणाऱ्यानं मातीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन शिवेवरून चालायचं. वाटेत बोलायचं नाही, खोटं पाऊल टाकायचं नाही, नाहीतर घर बुडतं. दावेदारांनी मागून पायी यायचं. जो खाली बसला, त्याचा दावा गेला. आणि निकाल लागेपर्यंत कुरणात कुणाचंच जनावर शिरायचं नाही.

रायनाकानं जोहार करून विचारलं, "मायबाप, कुरणाची शीव दाखवू का सुभ्याची?"

"सुभ्याची!" दोघं एकदम कडाडले. "आम्ही काय गुराखी आहोत?"

"जशी आज्ञा," असं म्हणून रायनाकानं ढेकूळ उचललं, कुरणाकडे पाठ केली आणि निघाला. साऱ्या सुभ्याला वळसा घालायचा, म्हणजे कुरण येणार अगदी शेवटी.

असं म्हणतात, पहिल्या दिवशी अमिनांच्या मोजड्या फाटल्या. तिसऱ्या दिवशी पगड्यांच्या पट्ट्या पायांना बांधल्या. सातव्या दिवशी दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत होते.

"बस की रे आधी!"

"तूच बस. तुझं पोट मोठं आहे!"

शेवटी एका मोहाच्या झाडाखाली दोघं एकदमच बसले. दोघांचेही दावे एका क्षणात गेले. उपाशी हत्ती माहुतांना घेऊन आपापल्या सुभ्याला परत गेले.

पण उचललेलं ढेकूळ मध्येच ठेवत नाहीत. रायनाक चालतच राहिला. असं म्हणतात, सातपुड्यात वाघानं बाजूला होऊन त्याला वाट दिली. पाऊस पडला, ढेकळावर गवत उगवलं, गवतात मुनियेनं घरटं केलं आणि पिल्लं उडून गेल्यावरच तो वर्षानं गावात शिरला.

बयजा दारात उभी होती. "आलात? आधी डोकं खाली करा, कापणीला आलंय."

अजूनही कुरणाच्या कापणीआधी बोरटेकची माणसं ढेकूळ डोक्यावर घेऊन शीव चालतात. दोन सोंगाडे अमीन मागून लंगडत येतात, आणि ते बसले की सगळं गाव टाळ्या पिटतं. बाहेरचा कुणी साहेब कागद घेऊन आला, तर म्हातारी माणसं त्याला आधी पाणी देतात आणि मग गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "कुरणाची का सुभ्याची?" पहिली पेंढी मात्र कुणी घरी नेत नाही, ती गावातल्या ताज्या व्यालेल्या गाईला घालतात. कारण परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रायनाकानं तेच केलं होतं. ढेकळावरचं गवत विळ्यानं कापलं, पुन्हा व्यालेल्या आपल्या गाईपुढे टाकलं आणि वर्षभरानं पहिल्यांदा मान खाजवली.