यल्लूने वाजवलेला निळा खडा

काळ्या कातळाच्या डोंगराखाली यल्लूची इवलीशी झोपडी होती. तिचे आईबाप डोंगरातल्या खाणीत दगड फोडायचे. दगडाची धूळ आईच्या छातीत बसली होती. ती खोकायला लागली की यल्लूचा घास घशाखाली उतरत नसे. धुळीपासून दूर राहा, असं वैद्यांनी सांगितलं होतं. पण दूर जायचं कुठे?

एके सकाळी यल्लू आपली चिमुकली हातोडी घेऊन खडी गोळा करायला गेली. कातळाच्या एका फटीतून निळा उजेड सांडत होता. तिने आत डोकावलं आणि बघतच राहिली. पांढऱ्याशुभ्र स्फटिकांवर निळेनिळे खडे फुलले होते, टोपीच्या गोंड्यांसारखे! मोरानेही हेवा करावा असा तो निळा रंग. आणि त्यांच्यामध्ये बोटभर उंचीची निळीशार परी बसली होती.

हा डोंगर एके काळी उकळता रस होता, परी कौतुकाने सांगू लागली. तो थंड झाला आणि आतल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या तेवढ्या राहिल्या. त्यांत थेंब थेंब पाणी झिरपलं, आणि लाखो वर्षांनी हे खडे उगवले.

"एक घे," परी म्हणाली. "अख्खा खडा हातात धरून मागशील ते मिळेल. पण जप हं, फार नाजूक आहे तो. फुटला तर इच्छाही गेली."

यल्लूने खडा अलगद खुडला. पण पोरगी पडली दगडफोड्याची! चांगला दगड खणखणीत वाजतो, हे बापाने शिकवलेलं. सवयीने तिने हातोडीचा हलकासा ठोका दिला, आणि खड्याचा भुगा झाला.

आईचं बरं होणंच त्या भुग्यात गेलं. यल्लूच्या डोळ्यांना धारा लागल्या. समोर कितीतरी खडे चमचमत होते, पण तिने एकालाही हात लावला नाही. भुग्याचा कण न् कण वेचून तिने पोकळीत परत ठेवला.

"चुकलं माझं, परीबाई," ती म्हणाली. "लाखो वर्षांचं मी एका ठोक्यात मोडलं. ही फट आता बुजवून टाकते, नाहीतर आणखी कुणीतरी फोडेल."

परी तिच्याकडे बघत राहिली. "ज्यांच्या हातून खडा फुटला, त्या सगळ्यांनी दुसरा मागितला," ती म्हणाली. "खड्यासाठी हळहळलीस ती तूच. नियम माझाच आहे, आज मीच तो मोडते."

तिने भुग्यावर फुंकर घातली. निळ्या उजेडाची लाट उठली आणि झोपडीकडे वाहत गेली. त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

यल्लूने फट नीट बुजवली. तेवढ्यात खालून आईची हाक आली, "यल्ले, भाकरी निवतीय गं, ये बिगीबिगी, आन् बापाला पण घिऊन ये!"

एवढं सगळं आई एका दमात बोलली होती. यल्लू श्वास रोखून थांबली, पण मागोमाग खोकला आलाच नाही.