कवडीचा मुक्काम

समुद्राला पाय लावून बसलेल्या एका गावात एक तांडेल राहत होता. गलबत त्याचं स्वतःचं, खलाशी त्याच्या शब्दाबाहेर न जाणारे. घरात चांगुणा नावाची बायको होती. ती मात्र कुणालाच भिणारी नव्हती.

पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर नारळाच्या झापांनी शाकारून ठेवलेलं असे. नारळी पौर्णिमा जवळ आली की तांडेल ओटीवर बसून येत्या हंगामाची वाट मांडायचा. सारवलेल्या जमिनीवर कोळशाने किनारा काढायचा. मोठ्या बंदराला मोठा शिंपला, लहान बंदराला लहान. कौलं कुठे भरायची, मीठ कुठे उतरवायचं, कुठल्या वाऱ्याला कुठून सुटायचं, सगळं तिथे ठरायचं. मांडून झालं की चांगुणा चुलीपुढून उठून यायची आणि रुंद समुद्राच्या मधोमध, जिथे ना बंदर ना बाजार, तिथे एक पांढरी कवडी ठेवायची.

"इथं काय आहे गो?" तो दरवर्षी विचारायचा.

"बेट आहे, बेटावर झरा आहे. थांबायचं, पिंपं भरायची, माणसांना पाठ टेकू द्यायची."

"पाणी आहे की माझ्याकडे."

"माझ्या बापाकडेही होतं. वारा पडला आणि संपलं. मी होते त्या गलबतावर, परकर नेसणारी पोर. जीभ टाळ्याला चिकटते म्हणजे काय, ते मला विचारा."

तांडेल कुरकुरायचा, पण थांबायचा. परत आल्यावर "उगाच दिवस गेला" म्हणायचा आणि त्या बेटावरची नवी कवडी गुपचूप तिच्या ताटाशेजारी ठेवायचा. त्या घरात प्रेम एवढंच दिसायचं, आणि ते पुष्कळ होतं.

एका वर्षी वाट मांडताना शेजारचा पोशा आला. तोही तांडेलच, पण त्याचा लहान मचवा होता. चांगुणाने कवडी ठेवलेली त्याने पाहिली आणि तो खो खो हसला.

"असं होय! तुझं सुकाणू चुलीपाशी असतं तर. मग तुला फेटा कसा मिळायचा रे?"

हंगामात जो तांडेल मोठ्या बंदरात सगळ्यांआधी शिरेल, त्याला तिथले लोक फेटा बांधत. आपल्या तांडेलाला तो कधीच मिळाला नव्हता. आता ओटीवर बसलेले खलाशीही हसले. पुरुषाला वादळ सोसतं, हसणं सोसत नाही. तांडेलाने कवडी उचलून कोनाड्यात टाकली.

"यंदा थांबायचं नाही. पिंपंही कमी घ्या, तेवढीच कौलं जास्त मावतील."

"कवडी उचललीत," चांगुणा म्हणाली, "बेट तिथंच आहे."

मग ती फणकाऱ्याने चुलीकडे गेली. निघताना शिदोरी मात्र बांधून दिली.

गलबत सुटलं. वारा छान होता. बेट दिसू लागलं तेव्हा स्वयंपाक करणारा म्हातारा भंडारी म्हणाला, "थांबायचं ना?"

"यंदा नाही."

बेट मागे पडलं आणि वाराही पडला. वाळत घातलेल्या लुगड्यासारखं शीड लोंबलं. वल्ही मारून पाहिली, पण कौलांनी भरलेलं गलबत आणि सुकलेल्या घशाची माणसं, हलणार काय? दिवस गेले, पिंपं कोरडी पडली. ज्याने तांडेलाला लहानपणी सुकाणू धरायला शिकवलं, तो भंडारी शिडाच्या सावलीत पडून राहिला. पाणीसुद्धा मागेना. तांडेलाने आपल्या वाटचा शेवटचा घोट त्याला पाजला. गुळाचा खडा तरी द्यावा म्हणून शिदोरी सोडली, तर गाठीतून कवडी हातात आली. ती मुठीत धरून तो मागे, बेटाच्या दिशेला बघत राहिला.

तिकडूनच एक मचवा वल्ही मारत येताना दिसला. पोशाचा. माणसं ताजीतवानी, वल्ह्यांच्या तालावर गात होती. पोशाने दोर टाकला आणि भरलेलं पिंप चढवलं. पहिलं पाणी भंडाऱ्याला दिलं. तो प्यायला, खोकला आणि डोळे उघडून म्हणाला, "गोडं आहे ना रे? का समुद्राचं पाजताय?"

तेव्हा कुठे तांडेलाच्या जिवात जीव आला. "पोशा, एवढं पाणी कुठलं?"

पोशाने कान खाजवला. "बेटावरचं."

"तू थांबतोस तिथं?"

"दरवर्षी. आमच्या घरातनं ताकीद आहे. न थांबता आलात तर उंबरा ओलांडायचा नाही म्हणून."

"मग मला कशाला हसलास?"

"हसायला काय जातं? तू खरंच माझं ऐकशील, हे मला काय ठाऊक?"

फेटा त्या वर्षी तिसऱ्याच कुणाला मिळाला.

पुढच्या नारळी पौर्णिमेआधी तांडेल पुन्हा ओटीवर बसला. किनारा काढायच्याही आधी त्याने कवडी ठेवली आणि बाकीचे शिंपले तिच्याभोवती मांडले. पोशाने येऊन हसायला तोंड उघडलं.

"हस," तांडेल म्हणाला. "मग तुझ्या ओटीवर येतो. तुझी कवडी कुठं ठेवतात, बघू दे."

पोशाने तोंड मिटलं.

चांगुणा आली. वाकून मांडणी पाहिली आणि कवडी बोटभर सरकवली.

"बेट जरा वर आहे," म्हणाली आणि चुलीकडे वळली. ती हसत होती, पण ते फक्त चुलीने पाहिलं.

तात्पर्य: हसणारा आपली पिंपं भरून हसत असतो. त्याच्या हसण्यापायी मायेच्या माणसाने सांगितलेला मुक्काम गाळू नये.