मात्याशच्या खुर्चीवर

"सबंध पानभर एकच सूर? आणि तोही इतका हळू?" फ्लोरियाननं विचारलं.

वृद्ध संगीतकार बेनेडिक्ट सभागृहाच्या खिडकीपाशी बसले होते. बाहेर नदीवर धुकं उतरत होतं.

"एकच," ते म्हणाले.

दोन व्हायोलिनं, एक व्हायोला, एक चेलो. या चार वाद्यांसाठीची ही रचना त्यांनी मात्याशच्या आठवणीत लिहिली होती. मात्याश त्यांचा जिवाभावाचा मित्र. गावातल्या चौघांच्या मेळात पहिलं व्हायोलिन त्याचं असायचं. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या खुर्चीवर आता राजधानीहून बोलावलेला फ्लोरियान बसला होता. संध्याकाळी मात्याशची बायको ऐकायला येणार होती.

"गुरुजी, एवढ्या जागेत मला मोकळं सोडा. सगळं सभागृह रडवून दाखवतो."

"दाखव."

फ्लोरियाननं वाजवलं. सूर उंच चढला, गिरक्या घेत खाली आला. खरंच सुंदर होतं ते. व्हायोला वाजवणारे म्हातारे वोयता मात्र मधेच थांबले. वाद्याचा गज मांडीवर ठेवून बसून राहिले.

"कसं वाटलं, गुरुजी?"

"छान... पण मात्याश कुठे होता?"

फ्लोरियान गोंधळला. "मी त्यांना कधी पाहिलंही नाही. कुठून आणू?"

बेनेडिक्ट उठले. फ्लोरियानला त्यांनी खुणेनं उभं केलं. त्याची खुर्ची रिकाम्या सभागृहाकडे तोंड करून होती. ती त्यांनी ओढली आणि उरलेल्या तिघांकडे वळवली.

"लोकांना माझी पाठ दिसेल!"

"दिसू दे."

पुन्हा सुरुवात झाली.

आता समोर वोयता होते. गत त्यांच्याकडेच होती, साधीशी, एखाद्यानं काम करता करता गुणगुणावी तशी. ती ऐकू यावी म्हणून फ्लोरियाननं आपल्या सुराचा आवाज थोडा कमी केला. मग आणखी थोडा...

धुकं काचेला येऊन टेकलं. वोयता वाजवता वाजवता हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गत संपली.

"गुरुजी..." फ्लोरियान म्हणाला. "मधेच कधीतरी मला माझं व्हायोलिन ऐकूच येईना."

बेनेडिक्टांचे डोळे मिटलेले होते.

"मात्याशचीही हीच तक्रार असायची."