पोत्यावरची बाई

खूप जुन्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हा समुद्रापलीकडची माणसे फक्त गोष्टींतूनच भेटत असत.

एका सुपीक देशात एक धर्मोपदेशक राहत होता. दूरच्या दुःखी लोकांना देवाचा शब्द सांगावा आणि जमेल ती मदत करावी, म्हणून तो बायकोला आणि मुलीला घेऊन गलबतात बसला. मुलगी चौदा वर्षांची होती. ती फार कमी बोलायची, पण तिची नजर बारीक होती आणि ती हुबेहूब चित्रे काढायची.

गलबताने त्यांना एका ओसाड किनाऱ्यावर सोडले. तिथली माणसे बांध घालून समुद्राचे पाणी अडवत, ते उन्हात आटवून मीठ पिकवत आणि मीठ देऊन धान्य आणत. पिण्याचे पाणी दोन कोसांवरून आणावे लागे. त्यामुळे तिथे घोटाघोटाला किंमत होती.

त्या लोकांची एक रीत होती. केस विंचरून त्यात हाडाची फणी खोचल्याशिवाय कुठलीही बाई पाहुण्यासमोर येत नसे. कोणी आजारी असले, तरी आधी त्याचे तोंड पुसत, केस विंचरत आणि मगच भेटायला आलेल्यांना आत घेत.

उपदेशकाच्या बायकोला याची गंमत वाटे. “पोटात नाही दाणा आणि केसांत मात्र फणी,” असे ती घरी हसून म्हणे. मुलगीही हसे.

दोन वर्षांत ते तिघे तिथली भाषा शिकले. तिसऱ्या वर्षी मोठे वादळ झाले. बांध फुटले, तयार मीठ वाहून गेले आणि गावात उपासमार सुरू झाली.

उपदेशक खरोखर कळवळला. तो मुलीला म्हणाला, “नुसत्या पत्राने आपल्या देशातल्या लोकांना काय कळणार? तू एखादे चित्र काढ. ते पाहून लोक धान्य देतील.”

शेजारच्या खोपटात एक विधवा राहत होती. तिला पाच वर्षांची मुलगी होती. उपदेशकाने विधवेला सकाळी अंगणात बोलावले. ती आली, तेव्हा तिने तोंड स्वच्छ धुतले होते, केस चापूनचोपून बसवले होते आणि फणी खोचली होती. तोंड धुवायला तिने पिण्यातले तांब्याभर पाणी खर्च केले होते.

उपदेशकाने तिच्याकडे पाहिले आणि तो हळूच बायकोला म्हणाला, “ही तर लग्नाला निघाल्यासारखी दिसते. हिची कोणाला दया येणार?”

बायको पुढे झाली. “बाई, ती फणी काढता का? आणि केस जरा मोकळे सोडा.”

“काढायलाच हवी का?” विधवेने विचारले.

“तुमच्याच गावासाठी आहे हो. चित्र जितके दीनवाणे, तितके धान्य जास्त.”

विधवेने स्वतःच्या मुलीकडे पाहिले आणि फणी काढून बाजूला ठेवली. उपदेशकाच्या बायकोने तिचे केस विस्कटले आणि गालांना थोडा चिखल लावला.

उपदेशकाची मुलगी चित्र काढत होती. त्या वेळात विधवेचा हात तीन वेळा केसांकडे गेला आणि तीन वेळा खाली आला. मुलीने ते पाहिले. तिला समजलेही. पण ती काही बोलली नाही. मान खाली घालून तिने चित्र पूर्ण केले. खाली उपदेशकाने लिहिले, ‘एक भुकेली बाई’. तिचे नाव त्यांच्यापैकी कोणीच विचारले नव्हते.

चित्र घेऊन गेलेले गलबत दोन महिन्यांनी परत आले. ते धान्याने खच्चून भरले होते. उपदेशकाला आनंद झाला. सगळे गाव किनाऱ्यावर धावले. पोती उतरू लागली, आणि हळूहळू लोकांचे बोलणे थांबले.

उपदेशकाच्या देशातल्या लोकांनी चित्राचा लाकडी ठसा केला होता. चौकाचौकांत रिकामी पोती ठेवून धान्य गोळा केले होते, आणि पाहणाऱ्याला दया यावी म्हणून प्रत्येक पोत्यावर तो ठसा उमटवला होता. किनाऱ्यावर शंभर पोती होती. शंभर वेळा तीच बाई होती, केस विस्कटलेली, तोंडाला चिखल लागलेली.

मीठ पिकवणारा एक म्हातारा विधवेला म्हणाला, “वा, आता घरोघर तूच. फणी विकून खाल्लीस वाटतं?” दोघेचौघे हसले.

विधवेची छोटी मुलगी एका पोत्यासमोर उभी राहिली. “आई, ही कोण गं?”

विधवा म्हणाली, “असेल कोणी बिचारी.” तिने मुलीचा हात धरला आणि ती धान्य न घेताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशीही ती धान्य घ्यायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माय-लेकी ओहोटीत शिंपल्या वेचून उकडून खात होत्या. छोटीच्या गळ्याची हाडे दिसू लागली.

“किती हा ताठा,” उपदेशकाची बायको म्हणाली. “आपण तिच्यासाठी एवढे केले आणि तिला त्याचे काहीच नाही.”



त्याच आठवड्यात उपदेशकाच्या मुलीला ताप भरला. चार दिवस तिला शुद्ध नव्हती. अंथरूण घाण झाले, केसांच्या जटा झाल्या, ओठांवर खपल्या धरल्या. आईवडील जागून जागून थकले होते. पाचव्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले, तेव्हा दाराबाहेर बोलणे ऐकू येत होते. गावातली माणसे तिला पाहायला आली होती.

“थांबा जरा,” दारातून आवाज आला. “एवढ्यात आत येऊ नका.”

आवाज विधवेचा होता. ती एकटी आत आली आणि तिने दार लोटून घेतले. तिच्या हातात तांब्या होता. तिने पदर भिजवून मुलीचे तोंड पुसले. अंथरूण बदलले. मग ती उशाशी बसली आणि एकेक जट सोडवू लागली. त्याला बराच वेळ लागला. बाहेर कोणीही घाई केली नाही. शेवटी तिने स्वतःच्या केसांतली फणी काढली, मुलीच्या केसांत खोचली आणि दार उघडले.

“आता या.”

लोक आले, विचारपूस करून गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. आईवडील कोपऱ्यात उभे होते. त्यांनी सगळे पाहिले होते, आणि कोणाकडे पाहावे हे त्यांना कळत नव्हते.

“तुम्ही हे का केलंत?” मुलीने विचारले. “मी तर तुमचं तसं चित्र काढलं.”

“काढलंस खरं,” विधवा म्हणाली. “पण माणसं बघायला आली होती. असं पडलेलं कोणी कोणाला बघू नये.”

“मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा हात केसांकडे जात होता. मी बोलले नाही.”

विधवेने तिच्याकडे पाहिले. “हो,” ती म्हणाली. “तू बघितलंस, हे मीही बघितलं होतं.”

मुलीने डोळे पुसले आणि विचारले, “तुमचं नाव काय?”

“सेलुमा.”

मुलगी उठून बसू लागली, त्या दिवशी ते तिघे किनाऱ्यावर गेले. गावासमोर बसून त्यांनी उरलेले एकेक पोते रिकामे केले, उलटे केले आणि पुन्हा भरले. उपदेशक सेलुमासमोर मान खाली घालून म्हणाला, “बाई, मी तुमच्या गावाला दया शिकवायला आलो होतो.” त्याच्या बायकोने एक उलटे पोते स्वतः उचलून सेलुमाच्या दारात नेऊन ठेवले. सेलुमाने ते आत घेतले.

मग मुलीने सेलुमाची फणी परत दिली आणि नवे चित्र काढले. ते कसे असावे, हे सेलुमाने सांगितले. फणी लावलेली सेलुमा फुटक्या बांधावर उभी आहे आणि तिच्या हातात दांडा मोडलेले फावडे आहे. खाली तिचे नाव होते. या वेळी गलबतातून धान्य कमी आले, पण फावडी आली. बांध पुन्हा उभे राहिले.

पुष्कळ वर्षांनी मुलगी आपल्या देशात परतली. बाजारात एका दुकानात तिला जुने पोते दिसले. त्यावरचा ठसा अजून पुसला नव्हता. “भुकेली बाई आहे ती,” दुकानदार म्हणाला. “आमच्याकडे सगळे ओळखतात तिला.”

“तिचं नाव सेलुमा आहे,” मुलगी म्हणाली, आणि तिने ते पोते मागून घेतले. पण त्या शहरात तसे ठसे किती उरले होते, ते तिला माहीत नव्हते. चित्र काढायला तिला एक सकाळ लागली होती. ते पुसायला सारा जन्म पुरला नाही.

तात्पर्य : ज्याची भूक भागवायची, त्याचा मान आधी राखावा, मान हिरावून दिलेला घास ही दया नव्हे.