थोरल्या कासवाच्या दोन रेघा

नदीला घाट होते पण पूल नव्हते, तेव्हाची गोष्ट. दोन कासवं प्राण्यांना पाठीवरून न्यायची. दोघांचाही दर घाटामागे एक जांभूळ. थोरलं मात्र पाठीवर बसायचीच दोन जांभळं आधी मागायचं.

"लांब गेलं की फरक भरून निघतो, माकडीणबाई!"

पोरं कडेवर घेतलेल्या माकडिणीने शेपटीने वाळूत दोघांच्या भाड्याच्या रेघा ओढल्या. दोन्ही सारख्याच चढत गेल्या. मधलं अंतर हललं नाही.

"कासवदादा, या रेघा एकमेकींना मिळतात कुठे?"

"पुढे मिळतील की!"

"मग शोधून या," म्हणत ती धाकट्याच्या पाठीवर बसली.

थोरलं तोऱ्यात निघालं. अजून चालतंय. वाळूत त्याच्यामागे पावलांच्या दोन रांगा उमटतात, आणि ते वळून वळून बघतं.